काटेमामांचं प्रमाण वजन

काटेमामांचा जगातल्या कुठल्याच काट्यावर विश्वास नव्हता, आणि धंदाच काटे दुरुस्त करण्याचा असल्यामुळे हा अविश्वास त्यांना चांगला पचलाही होता. भाजीवाल्याचा तराजू असो, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा असो, नाहीतर गोदामात पोती मोजायचा लोखंडी प्लॅटफॉर्म असो, मामा आधी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत. मग पिशवीतून पितळी वजनांची पेटी काढत, वजन मऊ फडक्यात धरून पारड्यात ठेवत (उघड्या बोटांनी कधीच नाही, बोटांचा घाम वजनाला चिकटतो) आणि काट्याला म्हणत, "हं, बोल आता." काटा खोटं बोलला की मामांचा चेहरा खुलायचा. खरं बोलला तर ते जरा हिरमुसायचे आणि वजन दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून पुन्हा बघायचे.

ही सवय दुकानाच्या दारात थांबली असती तर कुणाची हरकत नव्हती. पण ती मामांच्या मागोमाग घरी यायची. साबणाची नवी वडी मोरीत जाण्याआधी काट्यावर जायची. पंखा नेहमीपेक्षा हळू फिरतोय असं वाटलं की शेजाऱ्याने आपल्या तारेवरून वीज घेतली असणार, असं मामांच्या मनात पक्कं व्हायचं. आणि तोच शेजारी जिन्यात भेटून जरा जास्त हसला, तर मामा घरात येऊन दार लावून घ्यायचे आणि मामींना विचारायचे, "हा एवढा का हसला? ह्याला काही कळलंय का?"

"दात चांगले आहेत त्याचे, म्हणून हसला," मामी म्हणायच्या.

या शेवटच्या संशयाला मात्र कारण होतं. मामा तरुण असताना एका गोदामात भला मोठा प्लॅटफॉर्म त्यांच्या मांडीवर कोसळला होता. ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, पाय वाचला. पुष्कळ वर्षांनी कशाच्या तरी निमित्ताने रक्त तपासलं तेव्हा कळलं की अंगात एचआयव्ही आहे आणि काविळीचा तो चिवट प्रकार, हिपॅटायटिस सी, तोही आहे. रक्तातून आलं की सुईतून, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. मामींचं रक्त तपासलं. त्यांना कावीळ नव्हती, पण एचआयव्ही होता. मामी एक अख्खी दुपार रडल्या, मग तोंड धुतलं, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "दोघांना माहीत आहे तेवढं पुरे. तिसऱ्याला कशाला?"

तेव्हापासून दोघं रोज एकाच वेळी, एकाच भांड्यातल्या पाण्याने एकाच प्रकारची गोळी घेत आले होते. गोळ्यांनी एचआयव्हीला असं दाबून धरलं होतं की तो तपासणीत दिसेनासा झाला होता. मामा दवाखान्यात जाताना हत्यारांची पिशवी खांद्याला लावत, म्हणजे कुणी ओळखीचं भेटलंच तर "काटा बिघडलाय त्यांचा" असं म्हणता येई. दोघांच्या गोळ्या तेच आणत. खिडकीवरची नर्स दर वेळी म्हणे, "मामा, बाईंना पाठवा हो एकदा, त्यांची तपासणी राहिलीय," आणि मामा दर वेळी एक नवं कारण देत. बहिणीकडे गेलीय. सर्दी झालीय. पाहुणे आलेत. खरं कारण असं की ज्या बाकावर जास्त माणसं आपल्याला बघतील त्या बाकावर मामींना बसवायची त्यांची तयारी नव्हती, आणि दवाखान्यातले लोक बाटल्या भरभरून रक्त घेऊन त्याचं नेमकं काय करतात याबद्दलही त्यांच्या मनात काळंबेरं होतं. "माझं घेतात तेवढं बस झालं," ते मामींना म्हणत. "तुझं नि माझं औषध एकच. तुला काय धाड भरलीय? तू ठणठणीत."

मामी हो म्हणत. सगळ्या जगावर संशय घेणारा हा माणूस आपल्यावर घेत नाही, याचं त्यांना मनातून बरंही वाटत असे.

तर, त्या दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली. वयाने मामांच्या भाचीएवढी, बोलायला शांत. तिने समोर बसवून सांगितलं की मामांच्या लघवीत प्रथिनं उतरायला लागली आहेत आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढतंय, म्हणजे मूत्रपिंडं थकायला लागली आहेत.

"मला काही त्रास नाही," मामा म्हणाले.

"मूत्रपिंडं शेवटपर्यंत कुरकुर करत नाहीत, मामा. तोच तर घोळ आहे. एचआयव्ही त्यांना त्रास देतो, काविळीचा विषाणू देतो, आणि तुमच्या गोळीतलं एक औषध काही लोकांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. त्यात तुम्ही कंबरदुखीच्या गोळ्या घेता."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या शर्टाच्या खिशात पाकीट दिसतंय."

मामांनी खिशावर हात ठेवला. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाली की एचआयव्हीची गोळी बदलू, काविळीवर आता काही आठवड्यांत बरं करणारं औषध आहे ते सुरू करू, कंबरेच्या गोळ्या बंद. मात्र आपल्या मनाने काही थांबवायचं नाही. आधी लघवी पुन्हा एकदा तपासून खात्री करू. आणि बाईंनाही घेऊन या, असंही ती म्हणाली, पण तोपर्यंत मामांचे कान बंद झाले होते.

कारण मामांची नजर कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर गेली होती. रोग्यांना उभं करून वजन घ्यायचा तो काटा. काही महिन्यांपूर्वी त्याच्यावर उभं राहताच मामांना वास आला होता की हा खोटा आहे. पिशवी सोबत होतीच. त्यांनी तिथल्या तिथे मांडी घातली, काटा उलटा केला, आतली स्प्रिंग ढिली झाली होती ती ताणून बसवली. नर्सने चहा पाजला होता. तेव्हापासून मामांच्या मनात एक विचार घर करून होता: ज्यांचा माणूस मोजायचा काटा वर्षानुवर्षं खोटा, त्यांचं लघवी मोजायचं यंत्र खरं कशावरून? चांगली चाललेली गोळी बदला म्हणतात. नवी बाई, नवं औषध. ह्यात काहीतरी पाणी मुरतंय.

घरी जाताना त्यांना उपाय सुचला, आणि उपाय इतका सरळ होता की त्यांना रस्त्यातच हसू फुटलं. काटा खोटा आहे का हे कसं ओळखतात? त्याच्यावर ठाऊक असलेलं वजन ठेवतात.

मामी गॅलरीत बसून एका पायाची चप्पल काढून घोटा चोळत होत्या. ह्या चपलेवरून मामांनी मागच्याच आठवड्यात बाजारात रणकंदन केलं होतं. मामींना चप्पल सकाळी बरी बसे आणि संध्याकाळी चावे, पट्ट्याचे वळ पायावर उठत. मामांनी लगेच ओळखलं की दुकानदाराने एक नंबर लहान चप्पल मोठा नंबर छापून गळ्यात मारलीय. दुकानदाराने पट्टी लावून दाखवली, तर मामांनी पट्टीवरही संशय घेतला. शेवटी त्याने हात जोडले.

मामांनी पिशवीतून दवाखान्याने दिलेली प्लास्टिकची बाटली काढून मामींपुढे धरली. "हिच्यात तुझी लघवी भरून दे. सकाळची पहिली."

मामींनी बाटलीकडे पाहिलं, मग मामांकडे. "बाटलीवर नाव तुमचं आहे."

"असू दे."

"म्हणजे आता तुमची लघवीसुद्धा मीच करायची?"

"चेष्टा नको. मी त्यांचं यंत्र तपासतोय. तुझी लघवी चांगली, हे आपल्याला माहीत आहे. ती माझी म्हणून द्यायची. त्यांनी तिच्यातही दोष काढला की समजायचं, यंत्र खोटं. नाही काढला, तर..." मामा इथे थोडे अडखळले. ती बाजू त्यांनी पुरती विचारात घेतली नव्हती. "तर बघू."

"आणि माझी चांगली, हे कुणी सांगितलं? किती वर्षांत मी तिकडे फिरकले नाही."

"अगं, कुणी सांगायला कशाला हवं? मला दिसत नाही का? घरातलं सगळं तू ओढतेस. कधी अंथरुणाला खिळलीस? मी सोनाराकडे जातो तेव्हा पेटीतलं सगळ्यात जपलेलं वजन काढतो. प्रमाण वजन म्हणतात त्याला. तशी तू."

एवढी वर्षं संसार करून नवऱ्याने केलेली ही पहिलीच स्तुती होती, आणि ती लघवीच्या बाटलीवरून व्हावी याचं हसू की रडू येतंय हे त्यांना कळेना. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. वर फेस होता. हलवली नव्हती, तरी फेस बसेना. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. बाटली साबणाने धुतलीस का, म्हणून त्यांनी मामींना विचारलं. नाही, मामी म्हणाल्या. मग बाटली बनवणाऱ्यानेच नीट धुतली नसणार. एकेकाचा कसा पैशावर डोळा असतो, असं पुटपुटत मामांनी बाटली पिशवीत घातली आणि नेऊन लॅबच्या खिडकीत दिली. तिथल्या मुलीने ती घेताना मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. हेही त्यांना संशयास्पद वाटलं.

निकालाच्या दिवशी मामा नवा शर्ट घालून गेले. डॉक्टरीणबाईने कागद पाहिला, पुन्हा पाहिला, खुर्ची पुढे ओढली.

"मामा, हे फार वाढलंय. एवढ्या थोड्या दिवसांत एवढं वाढायला नको होतं. पायांवर सूज येते का? चेहरा सुजतो सकाळी? लघवीला फेस येतो?"

"किती वाढलंय?"

"मागच्या वेळी थोडी प्रथिनं जात होती. आता अक्षरशः वाहून चाललीत. मला तुम्हाला आजच मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पाठवायचंय."

मामांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की डॉक्टरीणबाई बोलायची थांबली. त्यांनी टेबलावर हात आपटला. "पकडलं!"

"काय पकडलं?"

"तुमचं यंत्र! बाई, ती लघवी माझी नव्हतीच."

तिने हातातला कागद खाली ठेवला. आणि मामांना आयुष्यात पहिल्यांदा एवढा शिकलेला श्रोता मिळाला होता, त्यांनी संधी सोडली नाही. "तुम्ही रागावू नका. तुमची चूक नाही, यंत्राची आहे. आमच्या धंद्यात काटा बोलेल ते खरं मानत नाहीत. त्याच्यावर ठाऊक असलेलं वजन ठेवायचं. मी चांगली लघवी आणून ठेवली, तुमचं यंत्र म्हणतं वाईट. आता माझ्या आधीच्या तपासणीवर तरी कसा विश्वास ठेवायचा, सांगा?"

"कुणाची होती ती?"

"आमच्या घरातली. बायकोची. तिला काही नाही, ती ठणठणीत आहे."

"त्याही हीच गोळी घेतात ना? तुमच्याएवढीच वर्षं?"

"हो, पण ती ठणठणीत आहे."

"त्यांची तपासणी शेवटची कधी झाली?"

"तुम्हाला मुद्दा कळला नाही," मामा जरा चढ्या आवाजात म्हणाले. "तपासायचा असतो काटा. वजन तपासत नाहीत. म्हणजे वजनही तपासतात, तपासतातच. पितळ झिजतं ना. फडक्यात धरलं तरी झिजतं. म्हणून मी माझी वजनं दर वर्षी सरकारी कचेरीत घेऊन जातो, त्यांच्या वजनाशी ताडून छाप मारून आणतो. त्याशिवाय मी ते वजन पारड्यात..."

वाक्य तिथेच राहिलं. मामांचा टेबलावरचा हात तसाच होता. त्यांना चप्पल दिसली, सकाळी सैल आणि संध्याकाळी घट्ट होणारी. पट्टी लावून दाखवणारा दुकानदार दिसला. खिडकीच्या उजेडातला तो न बसणारा फेस दिसला. खिडकीवरची नर्स म्हणत होती, बाईंना पाठवा हो एकदा. ज्या माणसाने साबणाची वडीसुद्धा मोजल्याशिवाय घरात घेतली नाही, त्याने हे सगळं पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाला तरी चोर ठरवलं होतं. मामांना भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

"पाय सुजतात तिचे," ते म्हणाले. "संध्याकाळी."

डॉक्टरीणबाई रागावली नाही, आणि त्यामुळे मामांना आणखी धास्ती वाटली. "आजच घेऊन या. अजून बरंच काही करता येईल, पण ते किती हे त्यांना पाहिल्यावर सांगता येईल. आणि हे बघा, गोळी बंद करायची नाही. त्यांनीही नाही, तुम्हीही नाही. गोळी बदलायची ती इथे, माझ्यासमोर."

"आणि माझं?"

"तुमची लघवी अजून माझ्याकडे आलेलीच नाही, मामा."

घरी जाताना मामा पिशवी दवाखान्यातच विसरले. पेटीसकट. ही गोष्ट त्यांच्या हातून आधी कधी झाली नव्हती, आणि त्या दिवशी ती त्यांच्या लक्षातही आली नाही. रस्त्यात शेजारी भेटला, हसला. मामांना तो का हसला हे विचारायचं सुचलं नाही.

मामी गॅलरीतच होत्या. मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांची चप्पल काढू लागले.

"अहो! काय करताय? लोक बघतील."

"बघू देत."

हे शब्द मामांच्या तोंडून ऐकून मामींना धक्काच बसला. मामांनी त्यांचा पाय मांडीवर घेतला, नडगीच्या खाली अंगठा टेकवला आणि दाबून धरला. ह्या वेळी हातात फडकं नव्हतं. अंगठा काढला तर तिथे खळगा पडला होता. मामा त्या खळग्याकडे बघत राहिले. काट्याची सुई स्थिर व्हायची वाट ते बघत तसे, श्वास धरून. खळगा भरून येईना.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून असेल. आधी नुसते घोटे सुजायचे. आता सकाळी डोळेही जड होतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. चप्पल चावते म्हणून सांगितलं. तुम्ही त्या दुकानदाराशी भांडायला गेलात." मामींच्या बोलण्यात राग नव्हता. "मग पुढचं नाही सांगितलं. सांगितलं असतं, तर आणखी कुणाशी तरी भांडला असतात. आणि खरं सांगू? तुम्ही एवढ्या खात्रीने म्हणायचात, तू ठणठणीत, तू ठणठणीत. मला वाटायचं, ह्यांना एका तरी गोष्टीचा भरवसा आहे, तो कशाला मोडा."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी मान खाली घातली, तर समोर मामींचाच पाय होता. त्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला. तपासणीचं काय निघालं, हे मामींनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

"चल," मामा म्हणाले. "डॉक्टरीणबाई थांबल्यात. आत्ताच बोलावलंय."

"आणि बाकावर कुणी ओळखीचं भेटलं तर? काटा बिघडलाय म्हणून सांगायचं?"

"आपण दोघं तपासायला आलोय म्हणून सांगायचं."

मामी उठल्या. मामांनी त्यांच्या पायात चप्पल घालायचा प्रयत्न केला, पण ती संध्याकाळची चढलेली सूज, चप्पल काही केल्या शिरेना. शेवटी मामांनी आपल्या रुंद चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि स्वतः अनवाणी दाराकडे निघाले. मामी त्या मोठाल्या चपलांत पाय घालून, भिंतीला धरून, मागोमाग आल्या. दारात थांबून त्यांनी आपल्या जुन्या चपलेकडे वळून पाहिलं.

"म्हणजे नंबर बरोबरच होता की हो," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला उगाच हात जोडायला लावलेत."